लहान रुळांवरचा इतिहास

आगगाडीच्या इतिहासात एक क्रम उलटा पडला आहे. सामान्यतः मूळ वस्तू आधी घडते आणि तिची प्रतिकृती मागाहून तयार होते. आगगाडीच्या बाबतीत प्रतिकृतीच आधी जन्माला आली. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील रेडरूथ गावी विल्यम मर्डॉक नावाच्या अभियंत्याने १७८४ साली वाफेवर चालणारी एक तीनचाकी गाडी बनवली. तिची लांबी सुमारे दीड फूट होती. त्याच परगण्यातील रिचर्ड ट्रेव्हिथिकने शतकाच्या अखेरीस उच्च दाबाच्या वाफेची छोटी यंत्रे घरात चालवून पाहिली. त्यानंतर २१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समधील पेनिडॅरन येथे त्याचे पूर्णाकृती इंजिन दहा टन लोखंड आणि सत्तर माणसे घेऊन रुळांवरून नऊ मैलांहून अधिक अंतर चालून गेले. जगाची चाल बदलणारे यंत्र प्रथम टेबलावर मावेल एवढे होते.

पुढे रेल्वे जगभर पसरली आणि प्रतिकृतीचे काम बदलत गेले. आधी ती अभियंत्याचा प्रयोग होती, मग श्रीमंतांच्या मुलांचे खेळणे झाली, मग प्रौढांचा छंद झाली. या तिन्ही अवस्थांतून जाताना तिच्या हाती आणखी एक काम आले आणि ते फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. ते काम इतिहास टिपून ठेवण्याचे होते. पितळेचा पत्रा कापणारा, रंगाची रेघ ओढणारा, बोटभर उंचीच्या प्रवाशाला पागोटे चढवणारा कारागीर असे प्रश्न विचारतो, जे इतिहासाच्या ग्रंथांत सहसा विचारले जात नाहीत. इंजिनाचा हिरवा रंग नेमका कोणता होता? फलाटावर कोण उभे होते? पायरी किती झिजली होती? या प्रश्नांची उत्तरे ज्यांना ठाऊक असतात ती माणसे एकेक करून निघून जातात. म्हणूनच या छंदाचा इतिहास केवळ छंदाचा राहत नाही.

खेळण्याला माप मिळाले

एकोणिसाव्या शतकातील खेळण्यांच्या आगगाड्यांना रूळ क्वचितच असत. इंग्लंडमध्ये मिळणारी पितळी वाफेची इंजिने जमिनीवरच धावत आणि वाटेत पाणी गाळत जात. त्यावरून त्यांना गळक्या इंजिनांचे थट्टेचे नावही पडले होते. या गोंधळाला शिस्त लावण्याचे श्रेय जर्मनीतील मेर्कलिन कंपनीला जाते. टेओडोर मेर्कलिनने १८५९ साली गोपिंगेन गावी पत्र्याची बाहुलीघराची भांडी बनवण्यास सुरुवात केली. १८६६ मध्ये त्याचे निधन झाल्यावर त्याची पत्नी कारोलिन हिने धंदा सोडला नाही. माल घेऊन ती स्वतः गावोगाव फिरली. पुढे याच घराण्याने १८९१ च्या लाइपझिग जत्रेत चावीवर चालणारी गाडी मांडली. तिचे वैशिष्ट्य गाडीत नव्हते, रुळांत होते. रुळांचे तुकडे एकमेकांना जोडता येत, पुढे वाढवता येत आणि त्यांची रुंदी ठरावीक क्रमांकांनी ओळखली जाई. आज नव्याने घेतलेला डबा उद्या आणलेल्या रुळांवर चालेल, अशी खात्री मुलाला प्रथमच मिळाली.

न्यूरेंबर्गच्या बिंग बंधूंचा कारखाना त्या काळी खेळण्यांच्या जगात अग्रगण्य होता. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्दॅम्प्टनचा तरुण व्यापारी बॅसेट-लोक याने त्यांचा माल पाहिला आणि इंग्लंडच्या रेल्वे कंपन्यांच्या इंजिनांसारखी दिसणारी खेळणी त्यांच्याकडून करून घ्यावीत असे ठरवले. हेन्री ग्रीनली या अभियंत्याने आराखडे काढले. यापूर्वी खेळण्यातले इंजिन ‘कोणतेतरी इंजिन’ असे. आता ते ‘अमुक कंपनीचे, अमुक वर्गाचे इंजिन’ झाले. खेळण्याला नाव, गाव आणि वंशावळ मिळाली, आणि त्याबरोबर ते चुकीचे ठरण्याची शक्यताही मिळाली. लंडनमध्ये १९१० साली मॉडेल रेल्वे क्लब स्थापन झाला तो याच वातावरणात. अशा मंडळींत बसून सभासद एकमेकांच्या चुका काढू लागले. ही टीकेची सवय इतिहासलेखनाशी नाते सांगणारी आहे.

पहिल्या महायुद्धानंतर घरे लहान झाली, तशा गाड्याही लहान झाल्या. बिंगने १९२२ साली जेवणाच्या टेबलावर मांडता येईल अशी छोटी रेल्वे आणली. तिच्यातून रुळांची साडेसोळा मिलिमीटरची रुंदी रूढ झाली आणि आजही जगातील सर्वाधिक लघुरूप रेल्वे त्याच रुंदीवर धावतात. याच काळातील एक दुःखद प्रकरण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मूळ कारखान्यातून बाहेर पडलेल्या स्टेफान बिंग याने न्यूरेंबर्गमध्ये ट्रिक्स हा उद्योग उभा केला आणि १९३५ मध्ये विजेवर चालणारी छोटी रेल्वे बाजारात आणली. बिंग कुटुंब ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांना उद्योग विकून इंग्लंडला निघून जावे लागले. ज्या घराण्याने युरोपातील मुलांच्या हाती आगगाडी दिली, त्याला स्वतःचे गाव सोडावे लागले. खेळण्यांचा इतिहासही इतिहासाच्या बाहेर नसतो.

अडीच मिलिमीटरचा वाद

साडेसोळा मिलिमीटरच्या रुंदीने एक वाद जन्माला घातला. खऱ्या रेल्वेच्या प्रमाणित रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर आहे. त्या मापाने साडेसोळा मिलिमीटरचे रूळ १:८७ या प्रमाणाला बरोबर जुळतात आणि युरोपने तेच प्रमाण स्वीकारले. इंग्लंडची इंजिने मात्र मुळातच अरुंद बांध्याची. त्या काळची विजेची मोटर १:८७ प्रमाणाच्या इंग्रजी इंजिनात मावेना. म्हणून इंग्रज कारखानदारांनी रूळ तेच ठेवून इंजिन थोडे मोठे, १:७६ प्रमाणाचे केले. परिणामी इंजिन जणू अंगाला तोकडे कपडे घातल्यासारखे दिसू लागले. योग्य रुंदी १८.८३ मिलिमीटर हवी होती, प्रत्यक्षात ती सुमारे अडीच मिलिमीटरने कमी भरली.

अडीच मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षा थोडे अधिक. तरीही काही मंडळींना ती उणीव सहन झाली नाही. त्यांनी १९६० च्या दशकात अचूक रुंदीचे नियम तयार केले आणि त्यासाठी चाके, आस, सांधे हे सर्व स्वतः घडवण्याचे कष्ट स्वीकारले. बाकीचे छांदिष्ट तडजोडीवर समाधानी राहिले. दोन्ही पक्षांत आजही एकमत नाही.

भारतीय रेल्वेची प्रतिकृती करू पाहणाऱ्याला हा हिशेब आणखी जड जातो. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद आहे. १:८७ प्रमाणात तिला १९.२ मिलिमीटरचे रूळ हवेत. बाजारात मिळणाऱ्या साडेसोळा मिलिमीटरच्या रुळांवर भारतीय इंजिन उभे केले, तर खऱ्या मापात ते जवळजवळ २४ सेंटिमीटर आखडलेले ठरते. याउलट मीटरगेजला ११.५ मिलिमीटर लागतात आणि १२ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. अडीच फुटी नॅरोगेजला पावणेनऊ मिलिमीटर लागतात आणि ९ मिलिमीटरचे रूळ सर्वत्र उपलब्ध आहेत. भारताच्या मुख्य मार्गापेक्षा तिच्या आडवाटेच्या छोट्या गाड्याच अधिक खऱ्या मापात घडवता येतात, असा हा योग आहे. पुढे येणाऱ्या विवेचनाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.

पितळ, कथील आणि कानस

कारखान्यांची खेळणी छापील पत्र्याची असत. ज्यांना अचूकता हवी होती त्यांनी कोऱ्या पत्र्यापासून इंजिने घडवण्यास सुरुवात केली. पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा पातळ पत्रा, बारीक पात्याची करवत, कानस, चिमटा आणि डाग देण्याची तापती कैचण एवढ्या सामग्रीवर काम चाले. १:७६ प्रमाणात मूळचा एक इंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. बॉयलरवरच्या रिव्हेटचे डोके त्या मापात सुईच्या टोकाएवढे होते. पत्र्याच्या मागील बाजूने टोचून ते एकेक उठवावे लागते. एका टेंडरवर अशी शेकडो डोकी असतात आणि त्यांतले एक जरी ओळीबाहेर गेले तर ते प्रथम नजरेत भरते.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिसे-कथिलाच्या मिश्रधातूत ओतलेल्या सुट्या भागांचे संच मिळू लागले. पुढे रसायनाने कोरलेल्या पितळी पत्र्यांचे संच आले. या कामात डाग देण्याची एक युक्ती रूढ आहे. प्रथम उच्च तापमानाला वितळणारे मिश्रण, सुमारे १८८ अंशांचे, वापरून मुख्य सांगाडा जोडतात. नंतर १४५ अंशांचे मिश्रण वापरतात आणि अखेरीस ओतीव भागांसाठी अवघ्या ७० अंशांना वितळणारे. त्यामुळे नवा सांधा जोडताना जुना सुटत नाही. क्रम चुकला तर आठवड्याची मेहनत क्षणात टेबलावर विखुरते, आणि ओतीव चिमणी तर तापल्या कैचणीखाली पाण्यासारखी वाहून जाते.

सर्वांत अवघड भाग चाकांचा असतो. वाफेच्या इंजिनात डाव्या आणि उजव्या बाजूचे दांडे एकमेकांशी काटकोन करून बसवलेले असतात, म्हणजे एक बाजू ‘मृत’ बिंदूवर आली तरी दुसरी जोर देते. प्रतिकृतीत हे काम मोटर करते, तरी प्रत्येक आसावर तोच काटकोन तंतोतंत साधावा लागतो. नाहीतर दांडे अडकतात आणि इंजिन लंगडते. हे काम करताना विद्यार्थी यंत्रशास्त्राचा जो धडा शिकतो तो सहसा विसरत नाही.

आकार लहान केला म्हणून निसर्गाचे नियम त्या प्रमाणात लहान होत नाहीत. लांबी ७६ पट कमी केली की वजन ७६ च्या घनाने, म्हणजे सुमारे चार लाख एकोणचाळीस हजार पटींनी कमी होते. शंभर टनी इंजिनाची प्रतिकृती या हिशेबाने २२८ ग्रॅमची व्हायला हवी. एवढ्या हलक्या इंजिनाची चाके रुळांवर घसरतात, म्हणून कारागीर बॉयलरच्या पोकळीत शिसे भरतात. याच प्रश्नाची दुसरी बाजू इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात रंगली. खऱ्या वाफेवर चालणारी छोटी इंजिने स्पिरिटच्या दिव्यावरच चालवावीत, एवढ्या लहान बॉयलरमध्ये कोळसा नीट पेटणार नाही, असे जाणकारांचे मत होते. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका कारागिराने अडीच इंची रुळांवरचे कोळशाचे इंजिन घडवून त्यामागे जिवंत माणसे बसवून ओढून दाखवली. हा वाद ‘बॉयलरांचे युद्ध’ म्हणून प्रसिद्ध आहे. पुढे अनेक दशके त्याने नियतकालिकातून सामान्य कामगाराला समजेल अशा भाषेत इंजिन घडवण्याचे पाठ दिले. ते वाचून असंख्यांनी घरच्या लेथवर इंजिने तयार केली. विद्येचा असा प्रसार कोणत्याही शाळेला अभिमान वाटावा असाच आहे.

रंगाची साक्ष

घडवलेले इंजिन रंगवताना कारागीर खऱ्या अर्थाने इतिहाससंशोधक होतो. जुनी छायाचित्रे कृष्णधवल, रंगाचे डबे केव्हाच संपलेले, आणि शब्द फसवे. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या रेल्वेचे इंजिन-अधीक्षक विल्यम स्ट्राउडली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या इंजिनांना जो रंग दिला त्याचे अधिकृत नाव ‘सुधारित इंजिन-हिरवा’ असे होते. प्रत्यक्षात तो सोनेरी पिवळा, गेरूच्या जातीचा रंग होता. केवळ कागदपत्र वाचून रंगवणारा माणूस इंजिन हिरवे करून मोकळा होईल. जुना रंग टिकून राहिलेले इंजिन, रंगाऱ्याच्या आठवणी आणि कागद या तिन्ही साक्षी एकत्र तपासल्यावरच सत्य हाती लागते.

मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचे उदाहरण ‘दख्खनच्या राणी’चे आहे. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर ही गाडी सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एकीचे डबे रुपेरी असून त्यांवर किरमिजी पट्ट्या होत्या. दुसरीचे गडद निळे असून त्यांवर सोनेरी रेघा होत्या. पुढील पिढ्यांना ती वेगळ्याच रंगांत आठवते. कृष्णधवल छायाचित्रात यांतले काहीही दिसत नाही. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र ब्रश बुडवण्यापूर्वी ठरवावेच लागते: कोणते साल, कोणती गाडी, कोणता रंग. ‘साधारण त्या काळातली’ असे म्हणून लेखकाला निभावून नेता येते. रंगाऱ्याला तशी मुभा नसते.

रंगकामाची पद्धतही सांगण्याजोगी आहे. प्रथम धातू स्वच्छ धुऊन त्यावर अस्तराचा पातळ हात देतात. त्यावर मुख्य रंगाचे दोन-तीन पातळ हात येतात. एक जाड हात दिला तर रिव्हेट बुजतात. मूळची अर्ध्या इंचाची रेघ १:७६ प्रमाणात मिलिमीटरचा सहावा हिस्सा होते. ती ओढण्यासाठी अभियांत्रिकी चित्रकलेच्या पेटीतील जुने रुलिंग पेन आजही वापरले जाते. लहान वस्तूवर निव्वळ काळा रंग फार जड दिसतो, म्हणून त्यात किंचित करडा मिसळतात. लांबून पाहिलेल्या वस्तूचा रंग हवेमुळे फिका होतो, आणि प्रतिकृती पाहणे म्हणजे एका अर्थी मूळ वस्तूकडे लांबून पाहणेच आहे.

अखेरचा टप्पा जुनेपणाचा. चिमणीभोवती काजळी, बॉयलरच्या झडपांखाली चुनखडीचे पांढरे ओघळ, दांड्यांवर तेलाची चकाकी, पायऱ्यांवर झिजून उघडे पडलेले लोखंड. हे ओघळ कुठेही काढून चालत नाहीत. पाणी क्षारयुक्त असेल तेथील इंजिनावर ओघळ दाट असत. भारतात तर काही शेडमध्ये ठरावीक चालक-जोडीकडे ठरावीक इंजिन सोपवलेले असे आणि ते लोक आपले इंजिन पितळी पट्ट्यांनी, चित्रांनी सजवत. १९४७ पासून आलेल्या डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनांच्या गोल नाकावरील तारा अनेकांना आठवत असेल. तो झळकत असे, त्यामागे कोणाच्या तरी हाताची रोजची पुसणी होती. मळ आणि झळाळी यांच्या खुणांतून त्या श्रमांची नोंद राहते.

फलाटावरची माणसे

इंजिन कितीही अचूक असो, माणसांवाचून ते संग्रहालयातल्या कपाटासारखे दिसते. म्हणून लघुरूप माणसांचा स्वतंत्र उद्योग उभा राहिला. जर्मनीतील पाउल प्रायझर यांनी १९४९ मध्ये सुरू केलेला उद्योग आज या क्षेत्रात सर्वपरिचित आहे. १:८७ प्रमाणात साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरचा भरतो. एवढ्या देहाला रंगवताना डोळे काढू नयेत असे जाणकार सांगतात, कारण काढले की ते बटबटीत दिसतात. कातडीच्या रंगाचा एक हात द्यावा, मग तपकिरी रंगाचे अगदी पातळ पाणी सोडावे. ते कपड्यांच्या चुण्यांत, हनुवटीखाली, बोटांच्या फटींत आपोआप साचते आणि सावली तयार होते. उंचवट्यांवर फिका रंग कोरड्या ब्रशने टेकवावा. शेवटी चमक मारणारे रोगण द्यावे. आणखी एक अनुभवाची गोष्ट अशी की, धावणारा किंवा हात उंचावलेला माणूस दोन मिनिटांत खोटा वाटू लागतो. वाट पाहत उभा असलेला, बाकावर बसलेला, सामानावर रेललेला माणूस मात्र वर्षानुवर्षे खरा वाटतो. स्थिर प्रतिकृतीत स्थिर माणसेच शोभतात. आणि रेल्वे स्थानकावर वाट पाहणाऱ्यांची उणीव कधीच नसते.

येथे भारतीय कारागिरापुढे पुन्हा अडचण उभी राहते. या माणसांचे साचे युरोपातील गावांसाठी घडले. टोपी, ओव्हरकोट, झगा, छत्री असा त्यांचा वेश. नऊवारी नेसून, काखेत मूल आणि डोईवर गाठोडे घेतलेली बाई त्यांत नाही. लाल सदऱ्याचा हमाल नाही, चहाची किटली घेतलेला पोऱ्या नाही, सतरंजी पसरून बसलेले कुटुंब नाही, लोखंडी ट्रंकेवर बसलेला विद्यार्थी नाही. मग हौशी कारागीर ओव्हरकोटवाल्या जर्मन गृहस्थाचा कोट कानशीने घासतात, दोन भागांच्या पुटीने धोतराचा सोगा घडवतात, पातळ कागद गोंदात भिजवून पदर काढतात आणि बारीक तारेवर पागोटे गुंडाळतात. तासन्‌तास खपल्यावर एक प्रवासी तयार होतो. एवढा खटाटोप का करावा, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे: ही माणसे कोणी घडवली नाहीत, तर त्या फलाटाचे जे रूप उरेल त्यात ती नसतील.

पेंडनचा धडा

हा विचार सर्वांत निष्ठेने जगलेल्या माणसाचे नाव रॉय इंग्लंड. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथून तो १९२५ साली इंग्लंडमध्ये आला आणि दक्षिणेकडील व्हाइट हॉर्स खोऱ्यातील खेड्यांच्या प्रेमात पडला. गवताने शाकारलेली जुनी घरे त्याच्या डोळ्यांदेखत बदलत होती. ती थांबवणे त्याच्या हाती नव्हते. त्याने ती मोजण्यास सुरुवात केली. एकेका घराची मापे, छायाचित्रे, विटांच्या रंगांच्या नोंदी घेऊन तो १:७६ प्रमाणात कागदी पुठ्ठ्याची घरे बांधू लागला. प्रत्येक वीट वेगळी कोरायची आणि वेगळी रंगवायची, असा त्याचा नेम होता. १९५४ साली लाँग विटनम या गावी पेंडन संग्रहालयाची सुरुवात झाली. स्वयंसेवकांच्या पिढ्यांनी ते काम पुढे नेले. गाय विल्यम्स यांच्यासारख्या कुशल कारागिराने त्यासाठी इंजिने घडवली. आज १९२० आणि १९३० च्या दशकांतील त्या खोऱ्याचे ग्रामजीवन पाहायचे असेल तर ते त्या दालनात पाहावे लागते. मूळ गावे आहेत, परंतु ती घरे तशी राहिलेली नाहीत. मर्डॉकच्या वेळी प्रतिकृती मूळ वस्तूच्या आधी आली होती, येथे ती मूळ वस्तूच्या पश्चात उरली आहे.

बृहन्महाराष्ट्राच्या वाटा

या साऱ्याचा महाराष्ट्राबाहेरील मराठी समाजाशी काही संबंध आहे काय? तो आहे, आणि राजवाड्यापासून आहे. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंदे घराण्याची चांदीची छोटी आगगाडी आजही पाहायला मिळते. विसाव्या शतकाच्या आरंभी माधवराव शिंदे यांच्यासाठी ती बॅसेट-लोक कंपनीने तयार केली. मेजवानीच्या लांब टेबलावरील रुळांवरून ती पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरे आणि सुरई उचलली की थांबत असे. माधवरावांचे रेल्वेप्रेम टेबलापुरते मर्यादित नव्हते. त्यांच्या संस्थानाची दोन फुटी रुळांची रेल्वे ग्वाल्हेरपासून श्योपूर-कलानपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर जात होती आणि एवढ्या अरुंद रुळांवरचा तो जगातील सर्वांत लांब मार्ग मानला जाई.

बडोद्याच्या गायकवाडांनी १८६२ मध्येच डभोई ते मियागाम अडीच फुटी रूळ टाकले. सुरुवातीला त्यांवरचे डबे बैल ओढीत. पुढे मजबूत रूळ आल्यावर इंजिने आली आणि डभोई हे नॅरोगेजचे मोठे केंद्र बनले. राजपुत्रांसाठी राजवाड्याच्या आवारात आणलेली छोटी गाडी पुढे सयाजीबागेत शहराच्या मुलांसाठी धावली. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने साडेचार टक्के व्याजावर कर्जाऊ दिले. त्या मीटरगेजने माळव्याचा घाट चढला. रेल्वेच्या, टपालाच्या आणि संस्थानी नोकरीच्या निमित्ताने परप्रांतांत गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे अशाच रुळांवरून नव्या गावी उतरली. जेथे ती स्थिरावली तेथे गणेशोत्सव आला, ग्रंथालय आले आणि मराठी शाळा आली.

आज हे रूळ झपाट्याने नाहीसे होत आहेत. ग्वाल्हेर-श्योपूर मार्गावरील छोटी गाडी २०२० पासून बंद झाली आणि तेथे ब्रॉडगेजचे काम हाती घेतले गेले. डभोईची नॅरोगेज रुंद रुळांत विरली. माळव्याच्या मीटरगेजमधील पातालपाणी ते कालाकुंड एवढा घाटाचा तुकडा २०१८ पासून पर्यटकांसाठी वारसा-गाडी म्हणून चालवला गेला. रुंदीकरणाला विरोध करण्याचे कारण नाही. दुपारी सुटून रात्री पोहोचणाऱ्या छपरापर्यंत भरलेल्या गाडीपेक्षा वेगवान गाडी प्रवाशाला हवी असते, आणि ती त्याला मिळाली पाहिजे. मात्र जुनी गाडी कशी होती याची मापे घेऊन ठेवण्याने नव्या गाडीला उशीर होत नाही.

मापे घेणारी माणसे आपल्याकडेही झाली आहेत. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेले लघुरूप रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. सिग्नल, पूल, उड्डाणमार्ग, रात्रीचे दिवे लागणारे शहर आणि वेळापत्रकाने धावणाऱ्या गाड्या तेथे मुले डोळे विस्फारून पाहतात. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९७७ पासून मूळ इंजिने जतन केली आहेत. परंतु संग्रहालयात इंजिन राहते, स्थानक राहत नाही. कौलारू छपराखालचा तिकिटाचा गवाक्ष, कंदिलांची खोली, पाण्याची मातीची रांजणे, पिंपळाचा पार, स्थानकाच्या पाटीवरील तीन लिप्यांतील नाव हे सर्व ज्या दिवशी पाडले जाते त्या दिवशी त्याचा कोणताही नकाशा बहुधा कोणाच्या हाती नसतो.

लघुरूप स्थानक उभारण्यास फार मोठे भांडवल लागत नाही. मीटरपट्टी, वही, कॅमेरा, पुठ्ठा, कानस आणि रंगांच्या काही बाटल्या पुरतात. याहून दुर्मीळ सामग्री दुसरीच आहे: त्या फलाटावर उतरलेल्या, तेथे नोकरी केलेल्या, तेथून शाळेला आलेल्या माणसांची आठवण. दाराचा रंग निळा होता की हिरवा, बाक कोणत्या भिंतीला होता, घंटा रुळाच्या तुकड्याची होती की पितळेची, हे सांगू शकणारे आजोबा-आजी अनेक घरांत आजही आहेत. त्यांच्या सांगण्याबरहुकूम एखाद्या विद्यार्थ्याने १९ मिलिमीटरच्या माणसाला पागोटे चढवले, तर ती त्या स्थानकाची कदाचित अखेरची आणि सर्वांत अचूक नोंद ठरेल. दार निळे होते असे आजोबा सांगतील, हिरवे होते असे आजी म्हणतील. वाद मिटेपर्यंत ब्रश कोरडाच ठेवावा.